तिकोनी गोटी

"हात लावायचा न्हाई," मगदूम मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातली कुंकवाची वाटी काढून घेतली.

खंडेनवमीची सकाळ होती. तासगावच्या बाहेर महालिंगशेठचा बेदाणा साफ करायचा कारखाना होता आणि मी तिथे फिटर होते. सांगलीच्या आयटीआयमधून फिटरचा कोर्स करून आलेली मुलगी त्या काळात आमच्या भागात कुणी पाहिलेली नव्हती, त्यामुळे मला सहसा कुणी नावाने हाक मारत नसे. 'फिटरबाई' एवढंच. पाटावर लाल कापड अंथरलं होतं आणि त्यावर पाने, पकडी, हातोडे, करवती अशी सगळी हत्यारं मांडली होती. आदल्या दिवशी रॉकेलमध्ये बुडवून, काळं निघेपर्यंत घासून ती पुसली होती मी. मिस्त्रींनी फक्त मांडली.

"का लावायचा नाही? वर्षभर लावते तेव्हा चालतं की."

"ते काम. ही पूजा हाय. एकदा मांडली की उद्या दसऱ्याला मठाचे स्वामी येऊन उतरवतील, तवाच उचलायची. मधी कुणी शिवायचं न्हाई. आन् बायकांनी तर रांगोळीच्या अलीकडंच ऱ्हायाचं."

मिस्त्री मनाने वाईट नव्हते. ते कारखान्यातले जुने, मी त्यांच्या हाताखाली. काम शिकवताना त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. पण पूजा म्हटली की त्यांच्या अंगात कोण संचारत असे कोण जाणे. माझा राग मात्र तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा, अजूनही फारसा खाली उतरलेला नाही. मी रांगोळीच्या अलीकडे उभी राहून धुमसत होते.

"जाऊ दे की इंदे," मला नावाने हाक मारणारी एकटी हौसाक्का मागून म्हणाली. "कुंकू न्हाई लावलं म्हणून पाना फिरायचा थांबतोय व्हय? माजं बग. किती वर्सं झाली लावून, फिरतीयाच की मी."

बायका खुदखुदल्या. हौसाक्काचा नवरा लेक पाळण्यात असतानाच गेला होता. तेव्हापासून ती बेदाणा निवडत होती. सरकत्या पट्ट्यावरून बेदाणा पुढे यायचा आणि त्यातली काडी, खडा, काळा दाणा तिची बोटं अशी काही टिपायची की बाकीच्या बायका मान वर करून बघत राहायच्या. तिची सगळी मिळकत त्या बोटांत होती, आणि ते तिला ठाऊक होतं. रात्री झोपताना ती बोटांना खोबरेल लावायची. "बैलाची शिंगं रंगवत्यात, मी बोटं रंगवते," असं म्हणायची.

आता त्या गोटीबद्दल सांगायला हवं.

निवडायच्या मशीनला एका बाजूला चेन होती आणि चेनवर पत्र्याचं झाकण. पूर्वी त्या झाकणाला साधे सहाकोनी बोल्ट होते. बेदाण्याचा चिकटा चेनवर साचला की बायका स्वतःच तेरा नंबरचा पाना घेऊन झाकण उघडायच्या आणि खरवडायच्या. त्यात काम थांबायचं. म्हणून शेठनी पुण्याहून तिकोनी डोक्याचे बोल्ट आणले. या बोल्टाला साधा पाना लागतच नाही. पान्याला पकडायला समोरासमोरच्या दोन सपाट बाजू लागतात आणि तिकोनाला समोर बाजू नसते, टोक असतं. त्यावर बसते ती फक्त तशाच तिकोनी खाचेची गोटी, म्हणजे सॉकेट, टी-हँडलला लावून फिरवायची. अशी गोटी अख्ख्या कारखान्यात एकच होती.

बोल्ट मीच बसवले. बसवले त्याच दिवशी शेठना म्हटलंही होतं, "गोटी मशीनच्या मेन स्विचच्या दांडीला साखळीने बांधू या. स्विच खाली पाडल्याशिवाय निघणारच नाही अशी बांधते. उगाच कुणी उघडणार नाही, आणि वेळेला हाताशी राहील."

शेठ हसले होते. "फिटरबाई, कुलूप लावायचं आणि किल्ली त्याच्यावरच टांगायची? मग कुलूप कशाला?"

मिस्त्रीही हसले. गोटी हत्यारांच्या फळीवर गेली. आणि त्या सकाळी फळीवरून पाटावर, बरोब्बर मधोमध. तिला मोठं झेंडूचं फूल.

पूजा झाली, आरती झाली, गूळ-खोबरं वाटलं. बायका घरी जायच्या तयारीत होत्या, तेवढ्यात शेठ म्हणाले, "जाऊ नका गं. दिवाळीचा माल आज मुंबईला निघायला पाहिजे. थोडा वेळ मशीन चालवू."

मी मिस्त्रींकडे पाहिलं. म्हटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. खंडेनवमीला मशीन चालवायचं म्हणजे काय! मिस्त्री छताकडे बघत होते.

"शेठ, आज?" मीच विचारलं.

"अगं, मशीन म्हणजे काय हत्यार आहे का? आणि त्याला हार घातलाय की."

हार घातला होता खरा. झेंडूचा, चांगला जाडजूड, नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला. झाकणाच्या वरून खालपर्यंत सोडला होता. मी म्हटलं, "मग हार तरी काढू या."

"घातल्याला हार काढत्यात व्हय?" मिस्त्री म्हणाले. एवढंच बोलले.

मशीन सुरू झालं. पट्टा सरकायला लागला, बायका आपापल्या जागी बसल्या. हौसाक्का पहिल्या जागेवर, झाकणाच्या शेजारी. मशीनच्या हादऱ्याने हार हळूहळू घसरत होता. त्याचं खालचं टोक झाकणाखालच्या फटीत शिरलं आणि चेनने ते धरलं. हार आत ओढला जायला लागला.

"माळ! माळ तुटंल!" मिस्त्री ओरडले. "हौसाक्का, धर, वढ भायेर! तुटू दिऊ नगंस!"

जवळ तीच होती. तिने धरला आणि ओढला. दोरा तिच्या बोटाला गुंडाळला गेला आणि फटीतून तिचा हात मनगटापर्यंत आत गेला. ती ओरडली तो आवाज मी अजून ऐकू शकते. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

मशीन थांबलं. पण हात निघेना. बोट चेन आणि चाकाच्या दात्याच्या मधे सापडलं होतं, आणि असल्या मशीनचा गिअरबॉक्स हाताने उलटा फिरत नाही. एकच उपाय होता. झाकण काढायचं, चेनचं लॉक पकडीने सोडवायचं, चेन सैल करायची. रोजच्या दिवशी मी हे काम गप्पा मारत केलं असतं.

मी पूजेकडे पळाले. मिस्त्री माझ्या आधी तिथे पोचले होते. रांगोळीवर दोन्ही हात पसरून उभे.

"थांब! पूजा मोडू नगंस. मी बगतो, दुसरं कायतरी बगतो."

"मिस्त्री, दुसरं काही नाही! तिकोनी आहे ते!"

"शेटच्या जीपमदी पाना हाय. आलो."

ते जीपकडे धावले आणि मी हौसाक्काकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. डाव्या हाताने तिने माझी ओढणी घट्ट धरली होती. "इंदे, बोट हाय का गं आत? मला कळंना. बोट हाय न्हवं?"

"आहे. काढते."

मिस्त्री स्क्रूपाना घेऊन आले. त्याचे जबडे आवळून त्यांनी तिकोनी डोकं धरलं आणि जोर लावला. पाना सटकला. पुन्हा धरलं, पुन्हा सटकला. मी ओरडत होते, "मिस्त्री, कोपरे जातील! एकदा कोपरे गेले की गोटीसुद्धा बसणार नाही!" ते ऐकत नव्हते. घाम पुसत, देवाचं नाव घेत ते पाना मारत होते, आणि त्या बोल्टाचं डोकं माझ्या डोळ्यांदेखत गुळगुळीत होत चाललं होतं. ज्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, 'पाना बसला न्हाई तर जोर लावायचा न्हाई, पाना बदलायचा,' तेच हे मिस्त्री.

मी शेठसमोर जाऊन उभी राहिले. "शेठ, तुमचा कारखाना आहे. तुम्ही सांगा. गोटी उचलू?"

शेठनी पूजेकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं. "शेजारच्या शेडमध्ये बघून ये ना कुणाकडे..."

"त्यांचीही हत्यारं पूजेत आहेत! आज सगळ्या तासगावची पूजेत आहेत! आणि ही गोटी तुम्हीच पुण्याहून आणलीय, दुसऱ्या कुणाकडे कशी असेल?"

"तसं नाही गं, पण लोक काय..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मशीन चालवताना त्यांना लोक आठवले नव्हते. तेव्हा मशीन हत्यार नव्हतं, मुहूर्त आडवा आला नव्हता, स्वामींना विचारायची गरज पडली नव्हती. माल मुंबईला जायचा होता ना! आणि आता एका बाईचं बोट चेनमध्ये होतं, तर सगळं शास्त्र जागं झालं होतं. तो संताप मला आजही आवरत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी रांगोळी तुडवत गेले. चपला पायात होत्या की नव्हत्या, मला आठवत नाही, आणि आठवायचंही नाही. कुणीतरी "अगं अगं" म्हणालं. मी गोटी, टी-हँडल आणि पकड उचलली. निरांजन कलंडलं.

गोटी बोल्टावर ठेवली तर बसेना.

आत बघितलं तर तिकोनी खाचेत हळद, कुंकू आणि अक्षता गच्च भरलेल्या. मनोभावे भरल्या होत्या, बोटाने दाबून. ओलं कुंकू वाळून घट्ट झालं होतं. मी रडत रडत, शिव्या देत ते नखाने उकरलं, ओढणीचं टोक घालून पुसलं, तोंडाने फुंकलं. हौसाक्का आता ओरडत नव्हती. तिचं ते गप्प बसणं मला जास्त भिववत होतं.

गोटी बसली. एक बोल्ट सुटला, दुसरा, तिसरा. चौथा मिस्त्रींनी गुळगुळीत केलेला. त्यावर गोटी नुसती गरागरा फिरली. मग मी झाकण दोन्ही हातांनी धरून त्या चौथ्या बोल्टावरच बाजूला फिरवलं, दार फिरवावं तसं. चेन दिसली. चेनमध्ये झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा होता. पकडीने लॉक काढलं, चेन सैल झाली आणि हौसाक्काचा हात बाहेर आला.

शेठच्या जीपमधून तिला मिरजेला नेलं. जीप द्यायला शेठनी एवढासाही वेळ लावला नाही, हे सांगायला हवं. उजव्या हाताचं मधलं बोट गेलं होतं. बाहेर येऊन डॉक्टरांनी विचारलं, "इतका वेळ कसा अडकून राहिला हात? लवकर सोडवला असता तर कदाचित वाचलं असतं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेठ म्हणाले, "पाना सापडत नव्हता हो."

दसऱ्याला स्वामी आले. नव्याने पूजा मांडली, शांती केली. मला निरोप आला होता, की आज घरीच राहा. आणि त्यानंतर जे झालं ते त्या बोटाइतकंच मला लागलं. दिवाळी यायच्या आत गोष्ट गावभर झाली होती, पण उलटी. फिटरबाईने पूजेत पाय घातला, हत्यारं बाटवली, म्हणून मशीन कोपलं आणि हौसाक्काचं बोट घेतलं. असं! आधी मी, मग बोट. बाजारात बायका माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावायच्या. मिस्त्रींनी हे मुद्दाम पसरवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी कदाचित स्वतःच तसं मानून घेतलं असेल. 'वढ भायेर' कोण ओरडलं होतं हे आठवत जगण्यापेक्षा तसं मानणं सोपं होतं.

माझी आईसुद्धा एका संध्याकाळी भाकरी थापता थापता हळूच म्हणाली, "चपला तरी काढायच्यास की गं."

मी ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी हौसाक्काच्या घरी गेले. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून ती बसली होती. मी म्हटलं, "हौसाक्का, लोक काय बोलतात ऐकलंस ना? आधी काय झालं, मग काय झालं, हे तूच सांगू शकतेस. तुझ्यावर कुणी अविश्वास दाखवणार नाही."

तिने पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. "मला काम पायजे इंदे. लेकीचं लगीन व्हायचंय. आत्ता तोंड उगडलं तर शेट घरी बसवंल."

"मग मी काय करायचं? जन्मभर ऐकून घ्यायचं?"

"दम धर. कड काढ जरा," ती म्हणाली.

मी चिडून निघून आले. खरं सांगते, त्या दिवशी मिस्त्रींपेक्षा आणि शेठपेक्षाही मला तिचा राग आला. जिच्यासाठी सगळं केलं, ती एक शब्द बोलायला तयार नाही!

जखम भरल्यावर ती कामावर आली. शेठनी सगळ्यांसमोर तिला शाल दिली. "हौसाक्का, झालं ते वाईट झालं. तुला काय पाहिजे ते सांग. बसून करायचं हलकं काम देऊ?"

सगळा कारखाना जमला होता. मी मागे उभी होते. म्हटलं, आता तरी.

"मला माजी जागाच द्या," हौसाक्का म्हणाली. "आन् ती गोटी हितं टांगा. इंदी म्हणत हुती तशी. स्विचच्या दांडीला."

"बस? एवढंच?"

"येवढंच."

शेठना हायसं वाटलं. मी त्याच दिवशी साखळी आणून गोटी बांधली. एवढंच! शाल घेतली आणि गप्प बसली. त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. ती पहिल्या जागेवर बसायची, उरलेल्या बोटांनी काड्या टिपायची. पूर्वीसारखा वेग उरला नव्हता. चिकटा साचला की ती स्विच पाडायची, मला हाक मारायची आणि मी गोटी काढून झाकण उघडायचे.

असं वर्ष गेलं आणि पुन्हा खंडेनवमी आली. पाट मांडला, रांगोळी आली. त्याही वर्षी दिवाळीचा माल होताच आणि शेठनी थोडा वेळ मशीन चालवायचं ठरवलंच होतं. फक्त हार तेवढा घालायचा नाही, असं ठरलं. बायका आपापल्या जागी बसल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे रांगोळीच्या अलीकडे.

पूजेत मधोमध जागा रिकामी दिसली. मिस्त्री हातात कुंकवाची वाटी घेऊन मशीनपाशी आले आणि साखळीतली गोटी सोडवायला त्यांनी हात पुढे केला.

"हात लावायचा न्हाई," हौसाक्का म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या बायकांनी माना वर केल्या. शेठही वळले.

"अगं, पूजंला न्यायची हाय," मिस्त्री म्हणाले. "उद्या आणून बांधतो की."

"गेल्या साली पूजंत हुती, मिस्त्री." हौसाक्का उठून उभी राहिली आणि तिने उजवा हात स्विचच्या दांडीवर ठेवला. मधली मोकळी जागा सगळ्यांना दिसत होती. "माजं बोट चेनीत हुतं, आन् गोटी पूजंत हुती. तुमी आडवं हुबा हुता. इंदीनं पाय घातला तो त्याच्या मागनं. कुणाला कायबी सांगा, पर ह्या जागंवर उबं ऱ्हाऊन उलटं सांगू नगा. मशीन चालणार आसंल तर गोटी हितंच ऱ्हाईल. पूजा करायची तर हितं येऊन करा."

मिस्त्रींनी शेठकडे पाहिलं. शेठ छताकडे बघत होते.

एक वर्ष ती थांबली होती. तिच्या लेकीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

हौसाक्काने मिस्त्रींच्या हातातली वाटी काढून घेतली आणि माझ्यासमोर धरली.

"लाव गं इंदे," ती म्हणाली. "भायेरनं लाव. आत भरू नगंस."